गर्भाच्या मानेवर गाठ: नाळ कापण्याआधी श्वासमार्ग सुरक्षित करण्याची शस्त्रक्रिया नेमकी कशी होते?

प्रश्न – उंबरठा

पत्नीला ३१वा आठवडा चालू आहे. २८व्या आठवड्यातील सोनोग्राफीत बाळाच्या मानेच्या पुढच्या बाजूला गाठ दिसली. नंतरच्या एमआरआयच्या अहवालात ती सुमारे साडेसात सेंटिमीटरची असून काही भाग घट्ट आणि काही पाण्याने भरलेला आहे, बहुधा टेराटोमा (निरनिराळ्या प्रकारच्या पेशींची बनलेली गाठ) असावा, असे लिहिले आहे. श्वासनलिका उजवीकडे सरकलेली आणि चपटी झालेली दिसते. गर्भजलही बरेच वाढले आहे. बाळाचे हृदय आणि बाकीचे अवयव व्यवस्थित असल्याचे सांगितले.

जन्मल्यावर बाळाला स्वतःहून श्वास घेता येणार नाही अशी शक्यता असल्याने आमच्या डॉक्टरांनी ‘एक्झिट’ नावाच्या पद्धतीचा उल्लेख केला आणि पुढच्या आठवड्यात एका मोठ्या केंद्रात भेट ठरवून दिली. त्यांनी समजावले ते असे, की बाळाला अर्धवट बाहेर काढायचे, नाळ तशीच ठेवायची, श्वासनलिकेत नळी घालायची आणि मग नाळ कापायची. ऐकताना सगळे पटले, पण घरी आल्यावर प्रश्न पडत गेले. अर्धे बाहेर आलेले बाळ श्वास घ्यायला धडपडत नाही का? नाळ किती वेळ साथ देते? सिझेरियनच करायचे आहे तर तेवढ्यासाठी एवढा मोठा चमू का लागतो? आणि या सगळ्यात पत्नीला धोका किती, हे कोणी नीटसे बोलले नाही. किंवा बोलले असतील, पण त्या क्षणी आमच्या डोक्यात शिरले नाही. मी हिशेबाचे काम करतो, वैद्यकातले काही कळत नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास सांभाळून घ्यावे.

उत्तर – धुके

मी भूलतज्ज्ञ आहे आणि अशा शस्त्रक्रियांमध्ये आईची भूल सांभाळण्याचे काम मोजक्या वेळा केले आहे. मोजक्या म्हणतो कारण ही शस्त्रक्रिया मुळातच क्वचित होते. तुमचे प्रश्न बाळबोध मुळीच नाहीत. ‘सिझेरियनच आहे तर एवढा चमू का’ या प्रश्नावरूनच आम्ही नव्या डॉक्टरांना शिकवायला सुरुवात करतो, कारण एक्झिट हे जपून केलेले सिझेरियन नसून बऱ्याच अर्थाने उलटे सिझेरियन आहे.

पोटातल्या बाळाची फुफ्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू आईच्या रक्तातून वारेमार्फत, नाळेवाटे येतो. आपल्या बोटाला यंत्र लावले तर रक्तातील प्राणवायूची संपृक्तता ९५च्या वर दिसते. पोटातल्या निरोगी बाळाची ती साधारण ४० ते ७०च्या दरम्यान असते आणि तेवढ्यावर त्याचे उत्तम चाललेले असते. जन्माच्या वेळी नाळ बंद होते, गार हवा लागते, बाळ पहिला श्वास घेते आणि फुफ्फुसे कामाला लागतात. ही अदलाबदल व्हायला श्वासमार्ग मोकळा हवा. तो गाठीने दाबलेला असेल आणि नाळ कापून झालेली असेल, तर मेंदूला इजा पोहोचण्याआधी हातात जेमतेम काही मिनिटे उरतात. त्या मिनिटांत सुजलेल्या, वाकड्या झालेल्या मानेत श्वासनलिका शोधणे कुशल हातांनाही जमेलच असे नाही. एक्झिटमध्ये क्रम बदलतो: आधी नळी, मग नाळ. एक्स यूटेरो इंट्रापार्टम ट्रीटमेंट या लांबलचक नावाचे हे संक्षिप्त रूप आहे.

आता ‘उलटे’ का म्हणतो ते सांगतो. नेहमीच्या सिझेरियनमध्ये आम्ही आईला शक्यतो कमरेतून भूल देतो, बाळापर्यंत औषध कमीत कमी पोहोचावे असे पाहतो, आणि बाळ बाहेर येताच गर्भाशय घट्ट आवळले जावे म्हणून औषध देतो, कारण ते आवळले की रक्तस्राव थांबतो. एक्झिटमध्ये गर्भाशय आवळले तर वार सुटू लागते आणि बाळाचा प्राणवायू तिथेच तुटतो. म्हणून गर्भाशय पूर्ण सैल ठेवावे लागते. त्यासाठी आईला संपूर्ण भूल देऊन भुलीच्या वायूची मात्रा पुष्कळ वाढवतात. पूर्वापार पद्धतीत ती नेहमीच्या शस्त्रक्रियेच्या दोन ते तीन पट असे, हल्ली काही ठिकाणी शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधांची आणि नायट्रोग्लिसरीनची जोड देऊन ती थोडी खाली ठेवतात. एवढ्या भुलीने आईचा रक्तदाब उतरतो. वारेतून वाहणारे रक्त आईच्या रक्तदाबावरच अवलंबून असल्याने तो उतरला की बाळाचा पुरवठाही लगेच घटतो, म्हणून रक्तदाब टिकवण्याचे औषध सतत चालू ठेवावे लागते. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला सुमारे ७०० मिलीलिटर रक्त वाहत असते. सैल गर्भाशयाला छेद घेतल्यावर त्याच्या कडांमधून होणारा रक्तस्राव स्नायूंच्या आवळण्याने थांबत नाही, त्यामुळे अनेक केंद्रे छेद घेतानाच कडा दाबून बंद करणारे, विरघळणाऱ्या टाक्यांचे स्टेपलर वापरतात.

अर्धे बाहेर आलेले बाळ धडपडत का नाही, याचे उत्तर यातच आहे. आईला दिलेला वायू वारेतून त्याच्यापर्यंत पोहोचलेला असतो, शिवाय त्याच्या दंडात किंवा खांद्यात वेदनाशामक, स्नायू शिथिल करणारे आणि हृदयाची गती टिकवणारे अशी औषधे वेगळी टोचतात. बाळाचे डोके, मान, खांदे आणि एक हात एवढेच बाहेर घेतात. धड आत राहिल्याने ते गार पडत नाही, नाळ दाबली जात नाही, आणि गर्भाशय एकदम रिकामे होऊन आवळले जात नाही. आतली जागा भरलेली राहावी म्हणून कोमट सलाईन सोडत राहतात. बाहेर आलेल्या त्या हाताच्या तळव्याला संपृक्तता मोजणारी पट्टी गुंडाळतात आणि वरच्या झगझगीत दिव्यांमुळे आकडा चुकू नये म्हणून तिच्यावर चकाकत्या कागदाचे आवरण घालतात. दुसरीकडे हृदयतज्ज्ञ सोनोग्राफीचे यंत्र धरून बाळाच्या हृदयाचे आकुंचन पाहत असतात.

मग कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा बालशल्यविशारद कामाला लागतात. आधी तोंडातून नळी घालून पाहतात. स्वरयंत्र दिसत नसेल तर कठीण नळीची दुर्बीण वापरतात. तेही साधले नाही तर गळ्याला छेद घेऊन श्वासनलिका उघडतात. गाठीत पाणी असेल तर ते सुईने काढून जागा करता येते. मोठ्या टेराटोमात एक फसवी गोष्ट होते: गाठ श्वासनलिकेला वर ओढून घेते, त्यामुळे छातीत असायला हवा तो भाग मानेत आलेला असतो आणि नेहमीच्या खुणांवर विसंबून छेद घेतला तर अंदाज चुकतो. नळी बसून फुफ्फुसे फुगली की तळव्यावरचा आकडा ५०-६०वरून ९०च्या पुढे चढतो, आणि तो चढताना पाहिल्यावर खोलीतल्या सगळ्यांचाच श्वास सुटतो.

वेळेचे म्हणाल तर हे काम बहुधा अर्ध्या ते एक तासात उरकते. वारेने त्याहून जास्त वेळ साथ दिल्याच्या नोंदी आहेत, पण ती कितीही वेळ देईल असे कोणी धरून चालत नाही. माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड क्षण त्यानंतरचा असतो. नाळ बंद करण्याच्या बेतात आम्ही वायू झपाट्याने उतरवतो आणि गर्भाशय आवळण्याचे औषध सुरू करतो. तासभर मुद्दाम सैल ठेवलेला स्नायू आता दोन-तीन मिनिटांत घट्ट व्हायला हवा, आणि तो नाही झाला तर आईचा रक्तस्राव वाढत जातो. म्हणून रक्ताच्या पिशव्या जुळवून खोलीत आणून ठेवलेल्या असतात. पत्नीच्या धोक्याबद्दल त्या केंद्रात विचारताना रक्तस्राव आणि जखमेचा संसर्ग हे दोन शब्द मुद्दाम वापरा. नेहमीच्या सिझेरियनपेक्षा हे दोन्ही धोके अधिक असतात.

उत्तर – रानजाई

माझ्या मुलीला आता सहावे वर्ष चालू आहे. तिच्या मानेवर लसीकावाहिन्यांची गाठ होती, टेराटोमा नव्हता, त्यामुळे आमची वाट तुमच्यापेक्षा थोडी वेगळी होती, पण शस्त्रक्रिया हीच झाली. धुके यांनी टेबलाच्या एका बाजूचे लिहिले आहे, मी टेबलावर झोपलेल्या बाईचे लिहिते.

आम्ही आधी जिथे जात होतो तिथे ही शस्त्रक्रिया ‘सिझेरियनसारखीच’ असे सांगण्यात आले होते. मोठ्या केंद्रात गेल्यावर कळले की मी पूर्ण बेशुद्ध असणार आहे. हे आधी कोणी सांगितले असते तर मनाची तयारी करता आली असती, ही माझी आजही तक्रार आहे. जाग आली तेव्हा पोटावर हात गेला आणि बाळ कुठे आहे ते कळेना. माझे पती बाहेर थांबले होते, त्यांनी मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला; त्यात नळ्या, पांढऱ्या चिकटपट्ट्या आणि त्यांच्यामधून दिसणारे एक नाक, एवढेच होते. अशी बाळे जन्मताच रडत नाहीत, कारण ती गुंगीत असतात आणि नळी स्वरतंतूंच्या मधून गेलेली असते. शांतता म्हणजे काहीतरी बिघडले असे नाही. तुम्ही बाहेर थांबलेले असाल तेव्हा रडण्याची वाट पाहू नका.

तिला दुसऱ्या दिवशी पाहिले. पाठीत घातलेल्या बारीक नळीतून वेदनाशामक चालू होते, त्यामुळे चाकांच्या खुर्चीत बसता आले. तिच्या गळ्यात श्वासाची नळी चौदा महिने होती. त्याबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती आम्हाला घरी आल्यावर कळली: गळ्यात नळी असलेले बाळ रडते तेव्हा आवाज येत नाही. तोंड उघडलेले, चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी, आणि आवाज मात्र शून्य. पलीकडच्या खोलीतून ते ऐकू येणार नसते, म्हणून कोणीतरी सतत नजर ठेवून बसावे लागते आणि रात्री संपृक्तता मोजणारे यंत्र लावून ठेवावे लागते. कफ ओढण्याचे यंत्र, तेवढ्याच मापाची एक जादा नळी आणि एक माप लहान अशी दुसरी, एवढे सामान तिच्याबरोबर सगळीकडे जायचे. नळी बदलायला मी आणि माझी सासू दोघी शिकलो. पहिल्यांदा हात थरथरले, नंतर सवय झाली. तुमच्या बाळाला अशी नळी लागेलच असे नाही; टेराटोमा काढून टाकल्यावर काही बाळांची नळी लवकर निघते असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले होते.

उत्तर – पाणवठा

मी नवजात अतिदक्षता विभागात काम करतो. वरच्या दोन्ही उत्तरांत खोडण्यासारखे काही नाही, पण हा धागा वाचून मानेवरची प्रत्येक गाठ म्हणजे एक्झिट असा कोणाचा समज होऊ नये म्हणून लिहितो.

मानेच्या मागच्या बाजूला, पहिल्या तिमाहीत दिसणारी पाण्याची गाठ ही वेगळीच गोष्ट आहे. तिचा संबंध पुष्कळदा गुणसूत्रांतील बदलांशी असतो आणि तिथे प्रश्न श्वासमार्गाचा नसतो. पुढच्या बाजूच्या, उशिरा दिसलेल्या मऊ गाठींपैकीही कित्येक श्वासनलिकेला न दाबता शेजारून पसरतात, आणि अशा बाळाला तयारीने केलेल्या नेहमीच्या प्रसूतीत, शेजारी तज्ज्ञ उभे ठेवून, सुखरूप जन्म देता येतो. निर्णय गाठीच्या आकारापेक्षा श्वासनलिकेची अवस्था पाहून घ्यायचा असतो. एमआरआयमध्ये मानेच्या कण्यापासून श्वासनलिका-अन्ननलिकेची जोडी किती पुढे आणि किती बाजूला सरकली आहे हे मोजून त्यांची बेरीज करतात. ती १२ मिलीमीटरच्या वर असेल तर श्वासमार्ग अवघड निघण्याची शक्यता ठळकपणे वाढते. तुमच्या अहवालात हा आकडा नसेल तर क्ष-किरणतज्ज्ञांना तो मोजून मागावा. गर्भजल वाढणे हीही एक खूण आहे, कारण अन्ननलिका दाबली गेल्याने बाळाला ते गिळता येत नाही. घट्ट भाग असलेली गाठ, सरकलेली व चपटी श्वासनलिका आणि वाढलेले गर्भजल हे तिन्ही तुमच्याकडे एकत्र असल्याने तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्यच वाटतो.

एक्झिटची सर्वांत स्पष्ट गरज असते ती स्वरयंत्र किंवा श्वासनलिका जन्मतः पूर्ण बंद असलेल्या बाळांना. तिथे फुफ्फुसांत तयार होणारा द्रव बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे ती फुगून सोनोग्राफीत पांढरीफेक दिसतात, छाती आणि पोट यांच्यामधला पडदा सपाट होतो किंवा उलटा वाकतो आणि पोटात पाणी साठते. या लक्षणसमूहाला ‘केऑस’ हे नाव १९९४ मध्ये मिळाले, आणि त्यात तोंडातून नळी जाण्याचा मार्गच नसल्याने गळ्याला छेद हाच उपाय उरतो. याउलट खालचा जबडा फार मागे असलेल्या बाळांपैकी बऱ्याच जणांना पालथे ठेवून किंवा नाकातून नळी सोडून भागते. फार तीव्र असेल तरच एक्झिटचा विचार होतो.

या पद्धतीचा उगम मात्र मानेच्या गाठींतला नव्हे. १९९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात छातीच्या पडद्याला भोक असलेल्या गर्भांची श्वासनलिका मुद्दाम चिमट्याने बंद करीत, म्हणजे द्रव साठून फुफ्फुसे वाढावीत. तो चिमटा जन्माच्या वेळी काढायचा कसा, या अडचणीतून नाळ चालू ठेवून काम करण्याची ही रीत आकाराला आली. त्या आजारात आता चिमट्याऐवजी दुर्बिणीतून फुगा बसवतात आणि तो साधारण ३४व्या आठवड्यात काढतात. डॉक्टरांनीच घातलेला अडथळा काढण्यासाठी शोधलेली युक्ती निसर्गाने घातलेल्या अडथळ्यांना जास्त उपयोगी पडली, याची मला नेहमी गंमत वाटते.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. नळी बसली म्हणजे सगळे संपले असे नसते. फार मोठ्या गाठीने फुफ्फुसे वर ओढली जाऊन नीट वाढलेली नसतील, तर श्वासमार्ग उत्तम मिळूनही पुढचे दिवस कठीण जातात. त्या केंद्राला विचारा, की एमआरआयमध्ये फुफ्फुसांचा आकार कसा दिसतो. गाठ सहसा जन्मानंतर काही दिवसांत काढतात, क्वचित त्याच बैठकीत. नंतर थायरॉइडची आणि अल्फा-फीटोप्रोटीनची रक्ततपासणी काही काळ चालू राहते. पहिली कारण ग्रंथीला इजा झालेली असू शकते, आणि दुसरी गाठ पुन्हा येत नाही ना हे पाहण्यासाठी.

उंबरठा

तिघांचेही मनापासून आभार. पत्नीने सगळे वाचले. आवाज न येता रडण्याचे वाचून ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की हे आत्ताच कळले ते बरे झाले. तिचे दोन प्रश्न आहेत. ठरलेल्या तारखेआधीच, समजा मध्यरात्री, कळा सुरू झाल्या तर काय करायचे? आणि पुढचे बाळंतपण होऊ शकते का?

उत्तर – ओसरी

मी प्रसूतितज्ज्ञ आहे, म्हणून या दोन्हींचे उत्तर मी देते.

कळा लवकर सुरू होण्याची भीती तुमच्या बाबतीत खरी आहे, कारण वाढलेल्या गर्भजलाने गर्भाशय ताणले जाते. पाणी फारच वाढले तर सुईने त्यातले काही काढून ताण कमी करतात, आणि ते पुन्हा साठल्यास पुन्हा काढतात. गर्भाशयाच्या मुखाची लांबी सोनोग्राफीने मोजत राहतात. वेळेआधी प्रसूती होईल असे दिसले तर फुफ्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. शस्त्रक्रियेची तारीख बहुधा ३७-३८ आठवड्यांच्या आसपास ठरते, पण गर्भजल पाहता ती अलीकडेही येऊ शकते. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की ३४व्या आठवड्यानंतर, किंवा केंद्राने सांगितल्यास त्याही आधी, त्याच्या जवळ मुक्काम हलवा. पहिल्याच भेटीत हेही विचारा, की रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी यावे लागले तर चमू किती वेळात जमतो, आणि तो जमण्याआधी प्रसूती झालीच तर त्यांची दुसरी योजना काय आहे. अनुभवी केंद्राकडे याचे उत्तर लेखी तयार असते. ‘तशी वेळ येणार नाही’ असे उत्तर मिळाले, तर दुसऱ्या केंद्राचेही मत घ्यावे.

पुढचे बाळंतपण होऊ शकते. ते कसे होईल हे गर्भाशयावरचा छेद कुठे घेतला यावर ठरते, आणि तो कुठे घ्यायचा हे वार कुठे चिकटली आहे यावर. वार पुढच्या भिंतीवर खालपर्यंत असेल तर तिला टाळून छेद वरच्या, जाड भागात घ्यावा लागतो. असा व्रण पुढच्या खेपेला कळांच्या जोराने फाटण्याचा धोका खालच्या आडव्या छेदापेक्षा जास्त असतो, म्हणून त्या वेळी कळा सुरू होण्याआधीच सिझेरियन करतात. छेद कोणत्या भागात घेतला हे घरी सोडतानाच्या कागदावर स्पष्ट लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. माझ्याकडे काही वर्षांनी परत आलेल्या बायकांना पोटावरचा व्रण दाखवता येतो, पण आतला छेद कसा होता हे त्यांच्यापैकी बऱ्याच जणींना सांगता येत नाही, आणि पोटावरच्या व्रणावरून आतला ओळखता येत नाही.

वार कुठे आहे ते पत्नीच्या सोनोग्राफीच्या अहवालात आत्ताही लिहिलेले असेल. भेटीला जाताना तो आणि एमआरआयची सीडी दोन्ही बरोबर ठेवा, कारण नुसता लेखी अहवाल पाहून शल्यविशारदांना श्वासनलिकेची दिशा कळत नाही, त्यांना चित्रेच पाहावी लागतात.